महिन्याला किती पानं

सीताबर्डीच्या गल्लीत, दुसऱ्या माळ्यावर,
मोटवानीशेठनं चष्मा कपाळावर सरकवत विचारलं,
"घरासाठी पाहिजे का ऑफिससाठी?"
मी म्हटलं, सांगते.
आणि सांगता येईना.

कारण समोरच्या खोलीत टेबल आहे, दारावर पाटी आहे:
भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, लग्नाचा बायोडाटा, रंगीत प्रिंट,
आणि पडद्यामागं कुकर आहे.
गिऱ्हाईक आलं की मी ऑफिस.
शिट्टी झाली की घर.

"बरं, महिन्याला किती पानं?"
हेही सोपं नाही, शेठ.
जूनमध्ये शाळा, दाखले, हजारावर जातात.
मेमध्ये नंदनवनच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं,
मशीन आठ-आठ दिवस टॉवेल पांघरून पडते
आणि शेहेचाळीस डिग्रीत शाई
बारीक छिद्रांच्या तोंडाशी वाळते.

त्यानं दोन खोकी पुढ्यात ठेवली.
एक लहान, पांढरं, जेवणाच्या डब्याएवढं हलकं.
दोनदा कार्ट्रिज बदलल्या
की तेवढ्यात नवं मशीन येतं.
"मशीन आम्ही फुकटच देतो समजा, शाई विकतो."
इतकं खरं बोलणारा दुकानदार
मी बर्डीवर पहिल्यांदा पाहिला.

दुसरं टाकीवालं, तिप्पट किमतीचं.
बाटली आणा, ओता, विसरून जा.
पोटाला चार खिडक्या,
कोणता रंग किती उरला ते उभ्या उभ्या दिसतं.
हे मला आवडलं.
आमच्या घरात बाकी काहीच असं दिसत नाही.

कूलरसमोर चालेल का? मी विचारलं.
तो थांबला. हे माहितीपत्रकात नव्हतं.
कूलर लावला की कागद दमट होतो, कडा वळतात,
मशीन दोन-दोन पानं एकदम गिळते;
बंद केला की शाई वाळते,
आणि मीही.
"बापरे," मोटवानीशेठ म्हणाला,
आणि स्वतःच्या एसीकडे पाहिलं.

जुन्या मशीनची काळी शाई संपली
तेव्हा ती निळा, गुलाबी, पिवळा मिसळून काळा करायची.
लांजेवार काकांच्या तेरवीच्या पत्रिका तशाच निघाल्या,
उन्हात धरल्या तर हिरवट.
कोणाच्या लक्षात आलं नाही.
मी जेवायला गेले नाही.

शेवटी मडावीनं ती उलटी करून दाखवली होती,
तळाशी एक स्पंज, काळाकिट्ट, भिजून जड.
"ताई, हे आपला घसा साफ करते नं,
तवाची सारी शाई इथं जाऊन राहिली.
कागदावर एक थेंब नाही, पैसे तुमचेच.
नवी घ्याल तं हप्त्यातून एक पान काढत जा.
काम नसलं तरी."

टाकीवालं घेतलं.
"बिलावर काय लिहू, घर का ऑफिस?"
नगराळे लिहा, म्हटलं.
ऑटोवाल्यानं खोक्याचे वीस रुपये वेगळे घेतले,
खोकं सीटवर बसवलं, मला कोपऱ्यात.

आता दर रविवारी, चहा झाला की,
मी कोणाच्याच कामाचं नसलेलं एक पान काढते:
चार रंगांच्या बारीक पायऱ्या,
काळी, निळी, गुलाबी, पिवळी.
पिवळी नीट दिसतच नाही,
दिगंबर ती खिडकीशी नेऊन तपासतात,
कोर्टात बत्तीस वर्षं कागद तपासले त्याच डोळ्यांनी.
मग पाठीमागं दुधाचा हिशेब लिहितात.

मागच्या रविवारी निळ्यात दोन रेघा तुटल्या होत्या.
कूलर बंद केला, सफाईचं बटण दाबलं.
मशीननं बराच वेळ घसा खाकरला,
आम्ही दोघं घाम पुसत बसलो,
खालच्या स्पंजचं कोणी काही बोललं नाही.
पुन्हा पान काढलं.

एक तुटली होती.